चार लेकरं आणि एक मडकं

"मले कोन सुट्टी देईन बाप्पा, मीच तं सगळ्याइची सुट्टी आहो," असं रामबाई एकदा म्हणाली होती.

शेजारच्या कमलानं सहज विचारलं होतं, माहेरी कधी गेलतीस म्हणून. त्यावर हे उत्तर. दोघी हसल्या. कमला हसून आपल्या कामाला लागली. रामबाईचं हसू मात्र तोंडावर तसंच राहिलं, दोरीवर वाळत घालून विसरलेल्या कपड्यासारखं.

रामबाई उईके राहते सिंदी मेघेत, एका जुन्या लेआउटच्या टोकाला. डांबरी रस्ता तिच्या घराच्या अलीकडंच थांबतो, पुढं जायची त्याला जणू इच्छाच राहिलेली नाही. दोन खोल्या, समोर टिनाचं शेड, शेडखाली कूलर. सकाळी दाराशी छोट्या चपला जमायला लागतात आणि संध्याकाळी त्या सगळ्या निघून गेल्या की तिचा दिवस संपतो. पाळणाघर अशी पाटी कुठंही नाही. काय करता म्हणून कुणी विचारलं तर ती म्हणते, "लेकरं पाह्यतो मी."

सुरुवातही अशीच झाली, पाटीशिवाय. ती तेव्हा वनखात्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरायला जायची. नवरा जंगलू नुकताच ऑटो चालवायला लागला होता. एक दिवस त्याच्या ऑटोत एक नर्सबाई बसली, तान्हं बाळ घेऊन. सासू भांडून गावी निघून गेलेली, ड्यूटी चुकवता येत नाही, बाळ कुठं ठेवावं कळत नाही. बाळ रडत होतं आणि बाईही रडत होती. जंगलूला गर्दीत हॉर्न ऐकायची सवय होती, बाईमाणसाचं रडणं ऐकायची नव्हती. त्यानं ऑटो सरळ घराकडं वळवला. "रामे, संध्याकाळलोक ठेव याले," एवढंच म्हणाला. ती संध्याकाळ पुढं अनेक वर्षं लांबली. ते बाळ आता पुण्यात इंजिनीअर व्हायला गेलं आहे आणि फोनवर रामबाईला "आजी, जेवलीस का?" म्हणून विचारतं.

सध्या चार लेकरं आहेत. बँकेत काम करणारी सपना आणि तिचा नवरा धीरज, त्यांचा चिनू. एसटीचा कंडक्टर विवेक, त्याची परी. परीची आई दवाखान्यात नर्स. आणि कपड्याचं दुकान असलेल्या भैय्याजींची जुळी नातवंडं, गोलू आणि छुटकी. चौघंही साधारण एका उंचीची. लांबून पाहिलं तर रामबाईभोवती एकच लेकरू चार ठिकाणी उभं आहे असं वाटतं. ती भावाशी फोनवर गोंडीत बोलते. ऐकून ऐकून पोरं पाण्याला 'एर' म्हणायला लागली. सपनानं एकदा काळजीनं विचारलं, "मावशी, चिनू घरी एर एर करतो, काय पाहिजे असतं त्याला?" रामबाईनं पाण्याचा ग्लास उचलून दाखवला.

सुट्टीचं म्हणाल, तर सुट्टी प्रत्येकाला होती. बँकेला रविवारी. विवेकला डेपो देईल त्या वारी. परीच्या आईची पाळी आठवड्याला बदलायची. भैय्याजींचं दुकान बंद मंगळवारी, आणि रविवारी तर तिथं सगळ्यात जास्त गर्दी. दिवाळीत बँक बंद झाली की दुकान भरायचं, दुकान निवळलं की दवाखाना भरायचा. सगळ्यांच्या सुट्ट्या एका दिवशी कधी आल्याच नाहीत. कुठलं ना कुठलं एक लेकरू शेडखाली असायचंच. सुट्टी मागायचा प्रश्न आला की रामबाईची जीभ आत वळायची. दिवसभर ती लेकरांना नाई म्हणत असते. मातीत नाई, कूलरमध्ये बोट नाई, भावाले चावाचं नाई. संध्याकाळी आयाबाप येईपर्यंत तिच्याजवळचे सगळे नकार खर्च झालेले असतात. मग त्यांनी काहीही म्हटलं तरी तिची मान हलते.

तिच्या मुलीचं, रीनाचं लग्न झालं तेव्हाही लेकरं होती. फोटोंचा अल्बम पाहिला तर हळद लावताना रामबाईच्या कडेवर एक, पाठवणीच्या वेळी दुसरंच. रीना सासरी जाताना रडत होती आणि आईला मिठी मारताना मधल्या लेकराला म्हणत होती, "सरक ना रे जरा."

दोन पावसाळ्यांमागं रामबाईचा बाप गेला. आष्टीच्या पलीकडं, जंगलाला टेकलेली वस्ती. निरोप आला तेव्हा परी रांगत होती. तिची आई ड्यूटीवर, बाप गाडीवर. रामबाई तिला कडेवर घेऊनच निघाली. मातीच्या वेळी परीनं भोकाड पसरलं, म्हणून रामबाई तिला घेऊन दूर पळसाखाली जाऊन उभी राहिली. तिकडून माणसांचे आवाज येत राहिले, फावड्याचे येत राहिले. बाप मातीत उतरताना तिनं पाहिला नाही. तिला दिसलं ते परीचं तोंड, दूध ओघळलेलं. संध्याकाळी पोर आपल्या घरी पोचती करायची होती, म्हणून लगेच परत फिरली. रडायचं राहून गेलं. नंतर रडू म्हटलं तर ते कुठं ठेवलं तेच सापडेना.

त्यांच्या घराण्यात माणूस मेला की लगेच देवांत जात नाही. तो काही काळ घराबाहेरच थांबतो. मग उन्हाळ्यात शेतं रिकामी झाली, भाऊबंद जमले, की त्याला आत आणून घरच्या देवांत बसवतात. मोठ्या लेकीनं नदीवरून नवं मडकं भरायचं, डोक्यावर घेऊन यायचं आणि दाराशी उतरवायचं. ते उतरलं की माणूस आत आला. बापाची मोठी लेक म्हणजे रामबाई. गेल्या उन्हाळ्यात ठरलं होतं, तेव्हा परीच्या आईचं ट्रेनिंग निघालं. होळीनंतर ठरलं, तेव्हा भैय्याजींच्या सुनेला टायफॉइड झाला. दोन्ही वेळा रामबाईनं भावाला कळवलं, थांबा.

वैशाखात भावाचा, हेमराजचा फोन आला. या वेळी तो गोंडीत बोलला नाही, मराठीत बोलला. तो रागावला की मराठीत बोलतो.

"बाई, येत्या सोमवारी करून राह्यलो आपन. तू येतेस का?"

"येतो ना."

"मांगं बी येतो म्हनली होती. माय म्हनते, बुढा कितीक दिवस बाहीर राहीन? या खेपी नाई आलीस तं मडकं धाकटीच्या डोक्यावर देतो. मंग नोको म्हनू, सांगतलं नाई."

रामबाई फोन ठेवून तिथंच बसली. मडकं एकदाच उतरतं. धाकटीनं उतरवलं तर बाप आत जाईलच, त्याला काय. पण पुन्हा ते उचलायची वेळ तिच्यावर येणार नव्हती. पळसाखाली उभं राहून जे हुकलं, ते दुसऱ्यांदाही हुकलं असतं, आणि तिसरी खेप नव्हती.

त्याच संध्याकाळी तिनं सुट्टी मागितली. सगळ्यांना एकत्र सांगायला तिची छाती होईना, म्हणून एकेकाला वेगळं गाठलं. सगळा घोळ इथं झाला.

सपना आधी आली. रामबाई म्हणाली, घरचा कार्यक्रम आहे, चार दिवस गावी जायचं म्हणते. देवाचं काही बोलली नाही. बोललं की लोक विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या तोंडावर जे भाव येतात ते तिला आवडत नाहीत.

"जा ना मावशी, नक्की जा," सपना म्हणाली. "कधी जाता तुम्ही? फक्त..." तिनं चिनूच्या केसांतून हात फिरवला. "याला घेऊन जाल का सोबत? ऑडिट सुरू आहे हो, मला हलता येत नाही. धीरज रोज नागपूरला ये-जा करतात. आणि हा तुमच्याशिवाय घास घेत नाही. एकटाच तर आहे. बाकीच्यांना नका सांगू, नाहीतर सगळेच मागं लागतील."

रामबाईची मान हलली.

भैय्याजी स्कूटी बंद न करताच बोलतात. "जाओ रामबाई, आरामसे जाओ! हक हाय तुहा. पन हे दोन नग घेऊन जाय. लगीनसराई चालू हाय, दुकानात पाय ठेवाले जागा नाई. आमच्या कौशल्याचे गुडघे तं तुले मालूम. अन् जुळे म्हंजे दोन काऊन पकडतेस? एकच समज ना!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुसऱ्याइले नोको सांगू. फालतू कटकट."

रामबाईची मान पुन्हा हलली.

विवेक शेवटी आला, खाकी शर्टावर दिवसभराची धूळ घेऊन. "मावशी, वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून आष्टी. कायले टेन्शन घेता? माह्याच गाडीत बसजा आर्वीलोक. परी मांडीवर. तिचं तं तिकीटबी लागत नाई."

मान हलतच राहिली. ती आता थांबवली तरी थांबली नसती.

रात्रीच्या जेवणाला जंगलूनं विचारलं, "किती झाले?"

"चार."

"अन् मडकं?"

रामबाईनं भाकरी मोडली आणि तुकडा ताटात नुसता फिरवत राहिली.

हेमराजला तिनं दुसऱ्या दिवशी भीत भीत सांगितलं. तो म्हणाला, "देव मिळवाले येतेस का अंगनवाडी काढाले?" आणि फोन ठेवला. ते गोंडीत म्हणाला, हीच काय ती समाधानाची गोष्ट.

दुपारी चौघं कूलरसमोर उठून बसली होती. झोपून उठलेल्या लेकरांचे चेहरे दुपारी कसे सुजलेले, जुने दिसतात. रामबाई त्यांच्याकडं पाहत राहिली. मग उठली. पितळी गुंड घेतला, पाण्यानं भरला, डोक्यावर चुंबळ ठेवली, गुंड चढवला. चिनूला म्हणाली, ये. चिनू कडेवर आला. एका हातानं गुंड, एका हातानं चिनू. परीनं तिचा पदर धरला. जुळी पुढं धावली. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, बस. नदीपासून घरापर्यंतची वाट याच्या किती तरी पट लांब, आणि मध्ये चढ.

अर्ध्यात गोलू छुटकीला आपटला, छुटकी रामबाईच्या पायात आली. गुंड कलला. सगळं पाणी चिनूच्या डोक्यावरून खाली गेलं.

"एर!" चिनू ओरडला आणि खदाखदा हसायला लागला. "अजून!"

चौघांनी टाळ्या वाजवल्या. रामबाई ओल्या फरशीवर बसली. लेकरं तिच्याभोवती पाण्यात नाचत होती आणि तीही हसत होती. हे होणार नाही हे तिला कळलं होतं. पायांना आधी कळलं, मग तिला.

शुक्रवारी सकाळी सगळं बाहेर आलं, आणि तेही भैय्याजींच्या तोंडून. एरवी तिन्ही घरांची माणसं दाराशी एका वेळी क्वचित भेटायची. त्या दिवशी विवेकची ड्यूटी दुपारची होती, सपनाला उशीर झाला होता. भैय्याजी स्कूटीवरूनच म्हणाले, "क्यों सपनाबेटी, चार दिवसांची काय व्यवस्था केली तू? आमचं तं बरं हाय, आमचे रामबाईसोबत जाऊन राह्यले."

"कुठे जाऊन राह्यले?" सपना थांबली. "चिनू जातो आहे मावशींसोबत."

"परी जाऊन राह्यली," विवेक म्हणाला.

तिघांनी रामबाईकडं पाहिलं. ती दारात परीच्या केसांना रबर लावत होती. रबर एकदा गुंडाळून झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं.

"मावशी, शब्द दिला होता तुम्ही मला," सपना म्हणाली.

"मले बी देल्ला," भैय्याजी म्हणाले. "अन् म्हने कोनाले सांगू नोका!"

"थे तुमीच म्हनलं होतं भैय्याजी," रामबाई हळूच बोलली.

"हां, मंग? म्या म्हनलं म्हून तू सगळ्याइचंच आयकत बसली?"

विवेकला हसू आलं. "मावशी, चार लेकरं घेऊन तुमी गाडीत चढले असते तं मलेच हाफ तिकिटाचा गोंधळ झाला असता." पण सपनाच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला ऑडिट दिसत होतं, साहेब दिसत होते, आणि घरी जेवायला तोंड न उघडणारा चिनू दिसत होता. "आता ऐन वेळी मी काय करू?" ती म्हणाली. "आधी सांगितलं असतं तर काही पाहिलं असतं."

रामबाईनं परीला जमिनीवर उभं केलं.

"नाई जात मी," ती म्हणाली. "रद्द. जा तुमी आपल्या कामाले. धाकटी बहीन घेईन मडकं."

"कुठलं मडकं?" सपनानं विचारलं.

आता सांगावंच लागणार होतं. रामबाईला ते सुरुवातीपासून सांगता येईना. देव, घराणं, नदी, कुठून धरावं? कुठलंही टोक हाताला लागेना. म्हणून मधूनच जे हाती आलं ते बोलली.

"माहा बाप दोन वर्षापासून दाराबाहीर उभा हाय. मी पानी घेऊन गेल्याबिगर त्याले आत घेत नाई आमच्यात. दोनदा सांगतलं, थांब. थांबला तो."

बाप मेला तो दिवस विवेकला आठवला. संध्याकाळी परीला तिच्याकडून घेताना बाई थकल्यासारखी दिसते एवढंच त्याच्या लक्षात आलं होतं. भैय्याजींनी स्कूटी बंद केली. त्यांना स्कूटी बंद करताना त्या लेआउटमध्ये तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

परीनं मान वर करून विचारलं, "उन्हात उभे हायत?"

"हो वो माय," रामबाई म्हणाली. "उन्हातच."

परीनं शेडबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. रस्ता पांढरा पडला होता. मग ती आपल्या बापाकडं वळली आणि पाहत राहिली. विवेकनं खिशातून रुमाल काढला, मान पुसली.

"आमच्या डेपोत," तो म्हणाला, "एकजन सुट्टीवर गेला तं गाडी बंद नाई करत. बदली ड्यूटी लावते. त्याची गाडी दुसरा नेते. आपन तिघंबी आपापलं लेकरू मावशीच्या मांगं लावून राह्यलो. चारी लेकरं एका घरी ठेवू, एक दिवस एका घरी. सोमवारी माही सुट्टी नाई, पन मी बदलून घेतो. सोमवार मी नेतो गाडी."

"चारही?" सपना म्हणाली. "तुम्ही एकटे?"

"पन्नास प्याशिंजर सांभाळतो मी, दोन दारूडे धरून."

"ते उतरून जातात विवेकभाऊ, हे उतरत नाहीत!" पण सपनाच्या आवाजातला काटा निघाला होता. तिनं तिथंच उभ्यानं नवऱ्याला फोन लावला. पलीकडून धीरज काय म्हणाला कळलं नाही, पण ती दोनदा म्हणाली, "एकच दिवस," आणि मग, "अहो, तुमच्या रजा वाया जातात दरवर्षी, कुणासाठी ठेवता?" फोन ठेवून म्हणाली, "रविवार आमच्याकडे. मी घरीच असते. आणि बुधवारी धीरज रजा टाकतात."

उरला मंगळवार. सगळे भैय्याजींकडं पाहायला लागले.

"मंगळवारी दुकान बंद राह्यते," भैय्याजी म्हणाले. "पन थोच एक दिवस भेटते बावा झोपाले. अन् कौशल्याचे गुडघे..."

"विचारा ना काकूंना," सपना म्हणाली.

भैय्याजींनी नाइलाजानं फोन लावून विचारलं. त्यांना स्पीकर बंद कसा करायचा कधीच जमलं नाही, त्यामुळे कौशल्याबाईंचा आवाज सगळ्या शेडभर पसरला. "अवो, मंग पाठवा ना त्याइले! माह्ये गुडघे दुखते, तोंड नाई दुखत. गोष्टी सांगतो बसल्या बसल्या. तुमी आहा ना मांगं मांगं धावाले, दिवसभर पलंगावर लोळत राह्यता थे!"

विवेक वळून भिंतीकडं तोंड करून हसला. भैय्याजींनी फोन खिशात घातला, स्कूटी चालू केली, आणि जाता जाता म्हणाले, "रामबाई, लवकर येजो बाप्पा. हे घरचे लोक मले मारून टाकतीन."

ती सगळी गेल्यावर रामबाई बराच वेळ दारात उभी होती. हातात परीचं दुसरं रबर तसंच होतं. काही मिळालं की माणसाला आधी भीती वाटते. तिला वाटली. आता नवीनच विचार तिच्या डोक्यात घुमायला लागले. गोलूला पोट गच्च झालं की तो सांगत नाही, कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. छुटकी झोपेत दात खाते, घाबरायचं नसतं. चिनूला वरण वेगळ्या वाटीत लागतं, भातावर ओतलं की संपलं. परीला झोपायला एक जुनी ओढणी लागते, तिचं टोक ती बोटाला गुंडाळते. चिनूच्या डब्यातलं अंडं जुळ्यांनी एकदा अर्धं अर्धं खाल्लं होतं. हे मात्र भैय्याजींच्या घरी सांगायचं नाही. दोन दिवस ती हे सगळं मनात लावत राहिली. जंगलू म्हणाला, "तू मंत्र पुटपुटल्यावानी काय करून राह्यली?"

"आठवन करून ठेवतो. उद्या सांगावं लागते सपनाताईले."

"त्याइची लेकरं हाय, त्याइले नसीन का मालूम?"

"नाई मालूम," ती ठामपणे म्हणाली. मग थोड्या वेळानं, "थोडंच मालूम हाय."

रविवारी सकाळी ती निघाली. दुपारच्या आत आर्वी गाठायचं, पुढची गाडी मिळाली तर दिवस मावळायच्या आत वस्तीवर. जंगलूला सोमवारी पहाटे यायचं होतं, आज तो फक्त स्टँडवर सोडणार होता. वाटेत सपनाचं घर. ऑटो रस्त्यावर थांबला आणि रामबाई फाटक उघडून आत गेली. एका हातात कापडी पिशवी, आत परीची ओढणी, चिनूची वाटी, गोलूच्या पोटासाठी ओवा. तोंडात सगळं बोलणं तयार, आधी गोलूचं, मग वाटीचं.

दार उघडंच होतं. आतला कूलर एवढ्या आवाजात चालू होता की तिची चाहूल कुणाला लागली नाही.

समोरच्या खोलीत धीरज फरशीवर बसला होता, बनियनवर, आणि त्याच्याभोवती चौघं. मोठं ताट एकच. त्यानं वरण भातावरच ओतलं होतं, सगळं एक करून टाकलं होतं. रामबाईचा हात आपोआप पिशवीतल्या वाटीकडं गेला. धीरज एक एक घास उचलून म्हणत होता, "ही गेली आर्वी गाडी, ही गेली पुलगाव गाडी, ही गेली हिंगणघाट," आणि ज्याच्या गावाचं नाव निघालं त्यानं तोंड उघडायचं. अर्धा भात बनियनवर होता. गोलूच्या कानात भात होता. परी जांभई देत होती आणि धीरजच्याच बनियनचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं होतं. चिनू बापाच्या मांडीवर रेलून, डोळे मोठे करून वाट पाहत होता.

"ही गेली आष्टी गाडी," धीरज म्हणाला.

चिनूनं तोंड उघडलं. घास गेला. चावला. गिळला. पुन्हा उघडलं.

सपना आतून ओरडली, "अहो, मिरची काढली का त्यातली?" धीरजचं लक्ष गाड्यांत होतं. छुटकीचं गाव आलं नाही म्हणून तिनं त्याला एक चापट मारली. सगळे हसले.

रामबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून पाहत होती. तिला वाटलं होतं, हे पाहिलं की वाईट वाटेल. ती थोडी थांबलीसुद्धा, वाईट वाटायची वाट पाहत. ते आलं नाही. त्याऐवजी कित्येक महिने आवळून धरलेलं काहीतरी सैल होत गेलं, एक एक वेढा सुटत, आणि ते एवढं हलकं निघालं की तिला चौकटीला हात लावावा लागला. डोळे भरले. कुणी पाहायला नव्हतं, म्हणून तिनं ते भरू दिले. तोंडातलं सगळं तयार बोलणं, गोलूचं, वाटीचं, ओढणीचं, एकेक करून मागं गेलं आणि नाहीसं झालं.

तिनं पिशवी चपलांच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. पदरानं तोंड पुसलं. आत पुलगाव गाडी सुटत होती. ती पायऱ्या उतरली, फाटकाची कडी आवाज न करता लावली, आणि ऑटोत जाऊन बसली.